एका ओरखड्याची बोंब

आमच्या हिंगोली जिल्ह्यात जखमेला म्हणून काही प्रतिष्ठा अशी कधी नव्हतीच. पोरगं चिंचेवरून पडलं, गुडघा फुटला, की आई आधी एक धपाटा घालणार, मग चिमूटभर हळद दाबणार आणि वरून जुन्या धोतराची चिंधी करकचून बांधणार. उपचार संपला. या औषधयोजनेत धपाटा हा मुख्य भाग आणि हळद ही अनुपानापुरती, असे माझे बालपणापासूनचे मत आहे. बाकी हळदीला आमच्याकडे तोटा नाही. हंगामात वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या मोंढ्यात नुसती एक चक्कर मारून आलेल्या माणसाला घरची मंडळी ‘कुठं हळद लावून घेऊन आलाव?’ म्हणून विचारतात, इतका तो पिवळा होऊन येतो.

ही हळद जखमेवर चालते हे अमेरिकेला फार उशिरा कळले. १९९५ साली तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या नावे ‘जखम भरून येण्यासाठी हळद’ या थोर शोधाचे रीतसर पेटंट निघाले. मग आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. माशेलकरांच्या कारकिर्दीत, जुने ग्रंथ आणि छापील पुरावे धुंडाळून हरकत घेतली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आमच्या आईला साक्षीला नेले असते तर प्रकरण दोन वर्षे चाललेच नसते. तिने पेटंट कचेरीतल्या साहेबाला पुराव्यासकट, म्हणजे धपाट्यासकट, पटवून दिले असते.

हे सांगायचे कारण, अशा या निधड्या जिल्ह्यातली शहाणीसुरती, पेपर वाचणारी, पेन्शन घेणारी माणसे आता गव्हाच्या दाण्याएवढ्या ओरखड्याने गर्भगळित होतात. दाढी करताना कापले, बसच्या सीटचा पत्रा लागला, बाजारात कुणाची टाचणी टोचली, की संपले. त्यांना जखमेची भीती नसते. त्या जखमेतून ‘तो’ आत गेला असेल, ही भीती असते. ‘तो’ म्हणजे एड्सचा विषाणू. त्याचे नाव घ्यायचे नसते. आमच्याकडे पूर्वी सापाचे नाव रात्री घेत नसत, त्यातलाच प्रकार.

भिऊ नका असे मी कुणाला म्हणत नाही. भीती ही उपयोगी वस्तू आहे. तिच्यामुळेच माणूस रेल्वेचे फाटक बंद असताना निदान डावीउजवीकडे बघून मग वाकून जातो. माझे भांडण वेगळे आहे. आपण मध्यमवर्गीय माणसे रक्तातून येणाऱ्या रोगांना भितो ती भलत्या ठिकाणी भितो, आणि जिथे भ्यायचे तिथे हौसेने दंड उघडा करून उभे राहतो. शिवाय या भलत्या भीतीचा खर्च आपण भरत नाही, तो तिसऱ्याच्या नावावर पडतो. आता याला पुरावा द्यायला हवा. तेव्हा अण्णांपासून सुरुवात करतो.

अण्णा हे आमचे शेजारी. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन गावी येऊन राहिलेले. गाव हिंगोलीपासून एसटीने पाऊण तास. नाव सांगत नाही, कारण पुढे त्या गावाबद्दल मला चार वाईट शब्द लिहायचे आहेत आणि राहायचे तिथेच आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म घालवला, त्यामुळे पंपाच्या मोटारीपासून सुनेच्या उलट्यांपर्यंत सगळ्या शास्त्रीय विषयांत गाव मला विचारते. एके दिवशी सकाळीच अण्णा कानाखाली कापसाचा बोळा धरून आले.

“गुरुजी, तुम्ही विज्ञानाचे. लपवू नका. किती दिवस?”

“कशाचे?”

“माझेच.”

सलूनमध्ये दाढी करताना कानाखाली, डाव्या बाजूस, कापले होते. मी बोळा काढून बघितले. ती जखम शोधायला मला चश्मा लावावा लागला.

“ब्लेड नवं होतं का?”

“नवंच होतं. माझ्यासमोर कागद फाडला, ब्लेडचे दोन तुकडे केले अन् अर्धं लावलं.”

“मग?”

“मग काय मग? हात तर तोच होता ना! माझ्या आधी कोण बसलं होतं ठाव आहे का? एक ट्रकवाला. नांदेडचा. एमएच २६ पासिंग. आपल्या एमएच ३८ चा असता तर मी काही बोललो नसतो.”

परिवहन खात्याने जिल्ह्यांना नंबर दिले ते यासाठी नव्हते, हे मी अण्णांना सांगितले. आमचा जिल्हा परभणीतून वेगळा झाला तोच मुळी १ मे १९९९ रोजी. त्याच्या आधी आम्ही सगळे परभणीकर होतो, आणि अण्णांची अर्धी नोकरी त्या नंबरावर झाली होती. परंतु विषाणूलाही हद्दीचे भान असते अशी महसूल खात्यात मुरलेल्या माणसाची समजूत असणारच.

मग मी त्यांना हिशोब सांगितला. तो तुम्हीही ऐकून ठेवा, कामाचा आहे. दवाखान्यातल्या नर्सबाईंना, डॉक्टरांना कधीकधी रोग्याला टोचलेली सुई चुकून आपल्याच बोटाला लागते. पोकळ सुई, आत ताजे रक्त आणि रोग्याला एचआयव्ही असल्याचे ठाऊक. म्हणजे सगळे ग्रह वाईट. अशा हजार टोचण्यांमागे, काहीही औषध घेतले नाही तरी, लागण होते ती साधारण तिघांना. आणि ७२ तासांच्या आत औषधे सुरू करून २८ दिवस घेतली तर तेवढ्यांनाही सहसा होत नाही. ही झाली ताज्या रक्ताने भरलेल्या सुईची गोष्ट. समोर कागद फाडून काढलेल्या कोऱ्या ब्लेडमध्ये कुणाचे रक्तच नाही, तर लागण कशाची होणार?

अण्णांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ते तीन कोण?”

आयुष्यभर याद्या केल्यामुळे, कुठलीही यादी निघाली की तीत आपले नाव असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

तेव्हा मी त्यांना खरी भ्यायची गोष्ट सांगितली. म्हटले, अण्णा, तशाच सुईतून हिपॅटायटिस बी नावाची कावीळ, लस न घेतलेल्या माणसाला, हजारात तीनशेपर्यंत लोकांना होऊ शकते. तीन नव्हे, तीनशे. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर पडला, वाळला, की त्याची ताकद संपत जाते. हा बी मात्र वाळलेल्या रक्ताच्या डागात निदान सात दिवस तग धरतो. दुसऱ्याचा वस्तरा, दुसऱ्याचे ब्लेड, दुसऱ्याची सुई, याला सगळे चालते. काहींच्या यकृतात तो बिऱ्हाड करून राहतो आणि वीस-तीस वर्षांनी भाडे वसूल करतो. जलोदर, यकृताचा कॅन्सर, काय वाटेल ते.

हे ऐकून अण्णांचा चेहरा उजळला. अगदी मोकळे हसले.

“हात्तिच्या! नुसती कावीळ व्हय! मला वाटलं काय नि काय.”

कावीळ आमच्याकडे घरातलीच समजतात. तिच्यासाठी कुणी झाडपाल्याचा रस देतो, कुणी गळ्यात माळ घालतो, कुणी हाताला चुना चोळून परातीत पिवळे पाणी उतरवून दाखवतो. पाण्यातून येणारी साधी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय परातीला मिळते. रक्तातून येणारी ही दुसरी कावीळ परातीत उतरत नाही. तिच्यावर लस आहे. हा विषाणू ओळखल्याबद्दल ब्लुमबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता आपल्याकडे सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांत पहिली मात्रा टोचतात. मोठ्या माणसाला तीन मात्रा. “घेतली आहे का?” असे मी अण्णांना विचारले. “आता या वयात कशाला?” असे ते म्हणाले. म्हणजे मरणाची धास्ती वाटायला वय आड येत नाही, लस घ्यायला मात्र येते.

अण्णांना रक्त तपासायचे होते. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी समुपदेशक बोलतात, निकाल गुप्त ठेवतात. हे सगळे हिंगोलीत आहे. पण हिंगोलीत कुणी बघितले तर? म्हणून अण्णा पहाटेच्या एसटीने नांदेडला गेले. वारंगा फाट्याला गाडी थांबली तेव्हा खिचडीसुद्धा खाल्ली नाही, यावरून प्रकरण किती थराला गेले होते ते आमच्या भागातल्या माणसाला कळेल. नांदेडच्या रुग्णालयात त्या खोलीबाहेरच्या बाकावर ते बसले आणि शेजारी बघतात तो त्यांचे व्याही!

“तुम्ही इकडं कुठं?”

“बीपी बघायला आलो होतो. तुम्ही?”

“मीबी बीपीच.”

दोन्ही व्याही बराच वेळ रक्तदाबावर बोलत बसले आणि आधी कोण उठतो याची वाट बघत राहिले. अखेर दोघेही तपासणी न करता एकाच गाडीने परतले. व्याह्यांना म्हणे बाजारात गर्दीत दंडाला काहीतरी टोचले होते. ही बातमी मला दोन्ही घरच्या बायकांकडून, स्वतंत्रपणे, अगदी तपशिलासकट मिळाली. गुप्तता ती एवढी.

आता पुढचा भाग नीट लक्ष देऊन वाचा, कारण माझ्या रागाचे कारण इथे आहे. या धावपळीने अण्णांना कणकण आली. कणकण आल्याबरोबर ते बाजाराच्या गावी एका दवाखान्यात गेले, आणि खुर्चीवर बसायच्या आधी सदऱ्याची बाही वर करून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, गोळ्या नकोत. सुई टोचा.”

ब्लेडचा कागद डोळ्यांसमोर फाडला तरी ज्यांची खात्री पटली नव्हती, त्या अण्णांनी ती सुई कुठून काढली हे बघितलेसुद्धा नाही. उलट तोंड भिंतीकडे केले. सुई टोचताना बघायचे नसते!

आपल्याकडे सुईशिवाय आजाराला शोभा नाही. गोळी ही बायकापोरांना. डॉक्टरने नुसती गोळी दिली तर ‘त्याच्या हाताला गुण नाही’. त्याने सुई टोचली तर बरा, आणि बाटली, म्हणजे सलाईन, लावली तर देवमाणूस. शंभर रुपये देऊन टोचून न घेता परत येणे म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता येणे. एखाद्या प्रामाणिक डॉक्टरने ‘सर्दीला इंजेक्शन लागत नाही’ म्हणून सांगितले, तर लोक पायऱ्या उतरतात आणि समोरच्या बोळात, ज्याची पदवी कुणी वाचलेली नाही अशाच्या दारात रांग लावतात. मग तो प्रामाणिक डॉक्टर तरी किती दिवस प्रामाणिक राहणार? त्यालाही घरभाडे आहे.

माझ्या लहानपणी काचेच्या सिरिंजा असत. कंपाउंडर स्टोव्हवर पातेल्यात त्या उकळी. उकळी खरी आली की नुसती वाफ, हे तो आणि पातेले जाणे. रोगी वाढले की उकळ्या कमी होत आणि एका उकळीत निम्मी गल्ली टोचून निघे. तेव्हा प्लॅस्टिकच्या सिरिंजा आमच्याकडे आल्या नव्हत्या. आज त्या थोड्याशा रुपयांत मिळतात, एकदा वापरून टाकायच्या म्हणूनच त्या केलेल्या असतात. तरीसुद्धा काय होते ते सांगतो. गुजरातेत मोडासा नावाचे गाव आहे. २००९ साली तिथे हिपॅटायटिस बीची अशी साथ आली की डझनावारी माणसे दगावली. तपासात निघाले की त्याच त्याच सुया आणि सिरिंजा पुन्हा वापरल्या जात होत्या. २०१८ साली उत्तर प्रदेशात, उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात, एकदम कितीतरी जणांना एचआयव्ही असल्याचे आढळले. सायकलवरून फिरून स्वस्तात इंजेक्शने देणाऱ्या एका भोंदू डॉक्टरवर एकच सुई सगळ्यांना वापरल्याचा आरोप झाला. या दोन्ही ठिकाणच्या लोकांनी दाढीच्या वस्तऱ्याबद्दल शंका घेतली असेल, नसेल, मला ठाऊक नाही. सुईपुढे मात्र त्यांनी आपणहून हात केला होता आणि वर पैसे मोजले होते.

जगभरात वर्षाला सुमारे १६०० कोटी इंजेक्शने दिली जातात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. त्यांतली लसींची जेमतेम पाच टक्के. बाकीच्यांपैकी पुष्कळशी दिली नसती तरी चालले असते, किंवा गोळीने भागले असते. आणि एकट्या २०१० सालात असुरक्षित इंजेक्शनांमुळे हिपॅटायटिस बीची लागण सतरा लाखांपर्यंत, हिपॅटायटिस सीची तीन लाख पंधरा हजारांपर्यंत आणि एचआयव्हीची ३३,८०० पर्यंत लोकांना झाली असावी, असा त्याच संघटनेने दिलेला अंदाज आहे. आकडे पुन्हा एकदा वाचा. आपण ज्याच्या नावाने रात्रभर जागतो तो या यादीत सगळ्यांत खाली आहे.

कुठल्याही जत्रेत जा. पाळण्याच्या शेजारी गोंदणारा बसलेला असतो. एक सुई, एक वाटी, तीच शाई. पोरे रांगेने हातावर बदाम आणि बाण काढून घेतात, रक्ताचा ठिपका आला की तो एकाच फडक्याने पुसतो. आईबाप बाजूला उभे राहून भेळ खात असतात. हेच आईबाप घरी येऊन वर्गातला कुणीतरी पोरगा ‘तसल्या घरचा’ आहे म्हणून मुलाला त्याच्याशेजारी बसू नको सांगतात. सलूनमधली तुरटी घ्या. वस्तऱ्याची उलटतपासणी करणारा गृहस्थ, गावभरच्या कापलेल्या गालांवरून फिरून आलेला तो तुरटीचा खडा आपल्या गालावर मात्र डोळे मिटून, सुखाने फिरवून घेतो.

धनुर्वाताच्या इंजेक्शनाचेही तेच. खिळा गंजका होता का, एवढी एकच चौकशी. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, गंजाशी त्यांचे काही नाते नाही, आणि माणसाच्या रक्तातून तो दुसऱ्याला होत नाही. मोठ्या माणसाला दहा वर्षांनी एकदा मात्रा पुरते. पण आमचे एक स्नेही प्रत्येक ओरखड्याला एक घेतात. त्यांच्या अंगात धनुर्वाताविरुद्ध एवढे बळ साठले असेल की त्यांना बघून जंतूंनीच घाबरून जावे. बी काविळीची लस? नाही, ती त्यांनी घेतलेली नाही.

आता कुणी म्हणेल, “गुरुजी, असेना का भीती जरा जास्त. सावध राहिलेलं बरंच की!” हे वाक्य मला गावातल्या निदान वीस लोकांनी ऐकवले आहे आणि ते ऐकून माझे डोके फिरते. सावधपणा कशाला म्हणायचे ते मला ठाऊक आहे. जखम झाली की वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. ब्लेड प्रत्येकाला नवे. इंजेक्शन खरेच लागते का हे विचारायचे, आणि लागत असेल तर पाकीट समोर फोडायला सांगायचे. काविळीची लस घ्यायची. खरेच वापरलेली सुई टोचली तर तीन दिवस कोपऱ्यात रडत न बसता त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचे. या सगळ्याला किती अक्कल लागते? पण सावधपणात कुणावर बोट रोखता येत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे. भीतीला माणूस लागतो.

आमच्या गावात तो सापडला. एक बाई, नवरा ट्रकवर होता, तो काही वर्षांपूर्वी गेला. कशाने गेला हे तिने कुणाला सांगितले नव्हते आणि सांगायची गरजही नव्हती. गावाने आपल्या मनाने रोगाचे नाव ठरवले. पाण्याच्या टाकीवर तिची घागर शेवटी. कुणाच्या लग्नात तिला पत्रावळ वेगळ्या कोपऱ्यात. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. गावातल्या चार प्रतिष्ठित मंडळींनी सलूनवाल्या मामांना जाऊन सांगितले की त्या पोराचे केस कापायचे नाहीत. कापलेत तर आम्ही येणार नाही. या चौघांत अण्णा होते. तो मुलगा महिनाभर वाढलेले केस घेऊन शाळेत येत होता आणि आमचेच एक सहकारी त्याला ‘केस का वाढवलेस’ म्हणून बाकावर उभा करत होते.

मुलाच्या रक्तात काही होते की नव्हते, हे मी इथे मुद्दाम सांगत नाही. ज्यांना विचारायचा काडीचा हक्क नाही त्यांनीच ते सगळ्यांत आधी विचारले होते.

हे एका आडगावाचे अज्ञान म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडच्याच लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ साली एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले. २००९ साली ती मुले गावच्या शाळेत जाऊ लागली, तर त्यांच्याशेजारी आपली मुले बसवायला पालकांचा विरोध झाला. प्रकरण पार मुंबईपर्यंत गेले. शेजारी बसून हा रोग होत नाही, हे तेव्हा पुस्तकात छापलेले होते. भारतात तो पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासला, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या चमूला. म्हणजे मधे तेवीस वर्षे गेली होती. २००४ पासून सरकार औषधे फुकट देते; ती नियमित घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू तपासणीतही सापडू नये इतका कमी होतो आणि माणूस नातवंडे खेळवतो. एचआयव्ही असलेल्याला शाळेत, नोकरीत, दवाखान्यात वेगळे वागवू नये असा २०१७ सालचा कायदा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. मी या कायद्याची प्रत अण्णांना वाचायला दिली. निवृत्त अव्वल कारकुनाने कायदा वाचावा तसा त्यांनी तो वाचला, म्हणजे त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्या.

सलूनवाले मामा फारसे शिकलेले नाहीत. सातवीपर्यंत. चौघांचे बोलणे त्यांनी ऐकून घेतले, “बरं, बगतो,” म्हणाले. महिनाभर त्यांनी बघितले. मग एका रविवारी, दुकानात पाचसहा माणसे बसलेली असताना, तो मुलगा बाहेरून जात होता त्याला हाक मारली, “ये रे, किती रान माजलंय डोक्यावर!” आणि खुर्चीवर फळी टाकून त्याला बसवला. अण्णा नंबर लावून बसले होते. ते ताडकन उठले.

“मामा, काय ठरलं होतं आपलं?”

“तुमचं ठरलं होतं, अण्णा. मह्यं कुठं काय ठरलं होतं?”

“अहो, कापलं-बिपलं तर?”

“त्याला नवं ब्लेड, तुम्हाला नवं ब्लेड. बरं, एक विचारू का? तुम्हाला एखादा रोग असला अन् तुम्ही मला सांगितलाच नाही, तर मला कसं कळणार? मी सगळ्यालाच हाय असं धरूनच चालतो. तुम्हालाबी.”

मोठमोठ्या रुग्णालयांच्या भिंतींवर हीच गोष्ट इंग्रजीत, चौकट करून लावलेली असते. प्रत्येकाचे रक्त रोगाचे आहे असे समजून काळजी घ्या, म्हणजे कुणालाच वेगळे काढावे लागत नाही. मामांनी ती भिंत वाचलेली नव्हती.

‘तुम्हालाबी’ हा शब्द मात्र अण्णांना फार लागला. ते निघून गेले, त्यांच्यामागून उरलेले तिघे गेले, आणि दुकानावर बहिष्कार पडला. मामांचे तीन आठवडे वाईट गेले. मी रोज जाऊन बसत होतो, पण एका मास्तरच्या दाढीवर कुणाचा संसार चालत नाही. त्यांनी त्या दिवसांत एक पाटी लावली : ‘ब्लेडचे दोन रुपये वेगळे’.

चौथ्या आठवड्यात गावात एक साखरपुडा निघाला. आमच्या गावात सलून एकच आहे आणि हिंगोलीला नुसत्या दाढीसाठी जायचे तर एसटीचे जाऊन-येऊन भाडे पडते. सकाळी दहाच्या सुमारास बहिष्कार घातलेली चारही मंडळी बाकावर बसलेली मी पाहिली. कुणी कुणाशी बोलत नव्हते. अण्णांचा नंबर पहिला. मामांनी कागद फाडला, ब्लेड मोडले, अर्धे लावले.

अण्णांनी आरशातून पाटीकडे बघितले आणि म्हणाले, “मामा, ब्लेड अर्धंच लावलंय. दोन रुपये पूर्ण कामून?”